यादीत नसलेला थांबा

“काका, हाच घ्या. तीनशे पॅटर्न आहेत, वर रिमोट फ्री,” बोरिवलीच्या रोषणाईच्या दुकानातला मिथुन म्हणाला.

“मला नाच नको रे. मला थांबा हवाय,” चंद्रप्रकाश घाडीगावकर म्हणाले.

मिथुनला काही कळेना. त्याच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते लग्नाच्या स्टेजचं, नाहीतर मखराचं. हे गृहस्थ पडले निवृत्त बस कंडक्टर. वर्सोवा ते अंधेरी स्टेशन, एकाच मार्गावर सव्वीस वर्षं, आणि एकाही माणसाला चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही याचा कोण अभिमान! मार्ग बंद पडला, तर यांनी तो प्लायवूडच्या फळीवर पुन्हा चालवायचं मनावर घेतलं. थांबा म्हणजे दिवा, आणि बस म्हणजे एकेका दिव्यावरून पुढे सरकणारा लाल उजेड.

मिथुनने दिव्यांची पट्टी दाखवली. काकांनी ती बोटांनी मापून परत केली. पट्टीवरचे दिवे सारख्या अंतरावर, आणि खरे थांबे कुठे चिकटून तर कुठे लांब. मग त्यांनी वायरला लोंबणारे सुटे दिवे घेतले. कंट्रोलर निवडला तो मोबाईलवरून चालणारा, ज्यात प्रत्येक दिव्याला स्वतःचा नंबर.

“म्हणजे ज्याला त्याला वेगळं तिकीट,” काका खूश होऊन म्हणाले.

दहिसरच्या घरात तीन महिने फळी पलंगावर आणि नवराबायको जमिनीवर. “डोळे जातील हो तुमचे,” असं म्हणत रत्नप्रभा स्वतःच सोल्डरचा डाग द्यायला वायर धरून बसायची.

निवृत्त कामगारांच्या मेळाव्यात फळी मांडली. पसंत पडली तर ती हॉलच्या भिंतीवर कायमची लागणार होती, आणि काकांचा सगळा जीव त्यात होता. लाल उजेड निघाला तशी माणसं गोळा झाली. स्टेशनच्या चौकीत टाइमकीपर असलेले नंदकुमार प्रधान मात्र हातात जुनी यादी धरून दिवे मोजत होते. फळी लावायची की नाही, हे तेच ठरवणार होते.

“घाडी, थांबे एकोणीस होते. इथं वीस दिवे आहेत.”

“बरोबर आहे.”

“हा जादा दिवा बंद कर. एकेक वेगळा विझतो ना? मग लावू फळी.”

“विझतो. पण मी विझवणार नाही, साहेब.”

रत्नप्रभेने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिची मान ताठ झाली.

“पहिल्या फेरीला तिथं कोळणी उभ्या असायच्या, डोक्यावर भरलेल्या पाट्या,” काका म्हणाले. “थांबा पार पुढे. म्हणून मी तिथंच बेल द्यायचो. फळी लावू नका, मी घरी नेतो. पण आमची बस तिथं थांबायची.”

तेवढ्यात लाल उजेड पुन्हा त्या दिव्यावर आला आणि थांबला.

“खरी बस किती वेळ थांबायची?” नंदकुमारांनी विचारलं.

“एक मिनिट.”

“तुझी पहिली गाडी रोज एक मिनिट लेट. मी रोज लाल शाईने लिहायचो. तुला मेमोसुद्धा दिले. तू दरवेळी म्हणायचास, सिग्नल लागला.”

“खरं सांगितलं असतं, तर तुम्हाला ते बंद करावं लागलं असतं.”

नंदकुमारांनी खिशातून पेन काढलं. यादीत दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांमध्ये जागा नव्हती, म्हणून कडेला बारीक अक्षरांत लिहिलं, ‘कोळणी. एक मिनिट.’ आणि खाली सही केली.