पहिला पसंतीक्रम

इंदापूरहून तात्या पेढे घेऊनच आले. गाडीतून उतरता उतरता त्यांनी अंगणातूनच हाक दिली, "राजेश्वरी, कॉम्प्युटर लागलं गं! पुण्यात! पहिल्याच फेरीत पहिला पसंतीक्रम!"

राजेश्वरीला वाटलं, तिच्या या थोरल्या चुलत्याची बघण्यात काहीतरी चूक झालीय. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तिनं भरलेल्या यादीत सगळी कॉलेजं मेकॅनिकलची होती. वडिलांच्या, मानसिंगच्या, सांगवीतल्या गॅरेजात ट्रॅक्टरचे पंप खोलत ती वाढली होती. गेल्या हंगामात ऊसतोडणीचं यंत्र फडातच बंद पडलं, तेव्हा कंपनीचा माणूस यायच्या आत बिघाड तिनं शोधून काढला होता. तिनं मोबाइल उघडला. पहिल्या नंबरावर कॉम्प्युटर होतं आणि मेकॅनिकल कुठंच नव्हतं.

तिच्या डोक्यात सणक गेली. "माझी यादी कुणी बदलली?"

"मी," पेढ्यांचा बॉक्स उघडत तात्या म्हणाले. "लोणी देवकरला आमच्या कंपनीत मेकॅनिकलची पोरं बघतो की रोज. बारा बारा तास उभी, अंगभर तेल. तितं पोरगी उभी करायची व्हय? तुझ्या भल्याचंच केलंय."

भल्याचं! दुसऱ्याचं वाटोळं करायला निघालेला माणूस हा शब्द आधी खिशात घालून निघतो. नियम असा की पहिला पसंतीक्रम मिळाला की पुढच्या फेऱ्या बंद. मिळालंय ते घ्या, नाहीतर यंदापुरते बाहेर व्हा.

फॉर्म तात्यांनीच इंदापुरात उघडून दिला होता, त्यामुळे पासवर्ड त्यांना ठाऊक होता. पण पक्की केलेली यादी बदलायची तर मोबाइलवर येणारे सहा आकडे लागतात, आणि फॉर्मात नंबर आईचा होता.

"आई, तू दिलेस आकडे?"

बनाबाई दाराआड पदर सावरून उभी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी थोरल्या दिराशी ती एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून. यादी बदलली त्या दिवशी आकडे मागायला त्यांचा थेट तिलाच फोन आला आणि ती इतकी गडबडली, की कशाला हवेत हे विचारायचंही सुचलं नाही. आकडे वाचून दाखवले आणि फोन ठेवला.

"तूच मागितलेस असं म्हणाले," ती दबक्या आवाजात लेकीला म्हणाली.

"बावीस वर्षं तोंड शिवून बसलीस, आन् उघडलंस ते ह्याच्यासाठी?" राजेश्वरी ओरडली. ओरडून झाल्यावरही तिला वाईट वाटलं नाही. ती वडिलांकडं वळली. "आबा, तुमी तरी बोला की!"

मानसिंग जमिनीकडं बघत होता. "थोरला हाय तो. आता झालंय तर जाऊन बघ."

"मी न्हाय जायची!"

"वर्ष वाया घालवतीस व्हय?" तात्यांचा आवाज चढला. "मानसिंग, हिची कागदं काढ. उद्या मीच जातो फी भरायला."

बनाबाई आत गेली. आली ती कागदांची फाइल काखेत घट्ट धरून. पदर डोक्यावर होता, पण नजर थेट तात्यांवर होती.

"कागदं मिळायची न्हाईत."

तात्यांनी भावाकडं पाहिलं. "हिला गप बसव."

"त्यांना काय सांगताय? मी बोलतीय तुमच्याशी." बनाबाई आता थांबत नव्हती. "पोरीचं नाव घेऊन खोटं बोललात तुमी. माझ्या अडाणीपणाचा फायदा घेतलात. जाऊ दे वर्ष तिचं. पुढच्या साली ती मेकॅनिकलच भरंल."

तात्या पेढे तिथंच टाकून गाडीत बसले. बनाबाईनं फाइल लेकीपुढं धरली. राजेश्वरीनं ती घेतली, पण आईकडं बघितलं नाही. अख्खं वर्ष गेलं होतं. ते गेलं तरी चालेल म्हणणारं घरात एकच माणूस निघालं, आणि वर्ष गेलं होतं ते त्याच माणसानं दिलेल्या आकड्यांमुळं.