बाकावरची मूठ

लोकप्रतिनिधी हा जनतेच्या मनाचा आरसा असतो. चष्मेवाल्यांच्या दुकानात तर असे तीन आरसे होते, आणि जनता त्यांत आपल्या नाकावर फ्रेम कशी बसते तेवढंच बघायची.

नगरपरिषदेवर निवडून येताना चष्मेवाल्यांनी वचन दिलं होतं की, माझं मत हे माझं नसून तुमचं असेल. त्याप्रमाणे ते दर रविवारी दुकानात वॉर्डाची सभा भरवायचे, विषय मांडायचे, वर आलेले हात मोजायचे आणि सभागृहात तसंच मत द्यायचे. गटारं, दिवे, भटकी कुत्री, सगळं सुरळीत चाललं होतं. तत्त्वाचा प्रश्न उभा राहावा असं गटारात काही नसतं.

मग वॉर्डातल्या मोकळ्या भूखंडाचा विषय आला. तिथे डायलिसिस केंद्र काढायचं की पार्किंग करायचं? चष्मेवाल्यांची थोरली बहीण डायलिसिससाठी बस बदलत गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायची, आणि येताना कधीकधी स्टॉपवरच डोकं धरून बसून राहायची. त्यामुळे चष्मेवाल्यांना उत्तर ठाऊक होतं. वॉर्डालाही ठाऊक होतं. वॉर्डाचं उत्तर पार्किंग.

"आजारी माणसं दारात नकोत बुवा," व्यायामशाळेचा मालक म्हणाला. त्याला सगळे पैलवान म्हणत. "माझ्याकडे तरुण पोरं येतात. खिडकीतून ते दिसलं की दंडातली हवाच जाते त्यांच्या."

"किडनी बिघडलेली माणसं आहेत ती, भुतं नाहीत!"

"भुतं परवडली. त्यांचे नातेवाईक गाड्या घेऊन येत नाहीत."

दुकान खो खो हसलं. चष्मेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात वर गेले. एक सोडून सगळे. तो एक चष्मेवाल्यांचा.

"या ठरावाला मी पाठिंबा देणार नाही," ते म्हणाले.

पुढच्या खुर्चीतून निवृत्त मुख्याध्यापिकाबाई उठल्या. त्यांनी चष्मेवाल्यांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं, आणि पेपर अजून तपासायचा राहिलाय अशा नजरेनं त्या त्यांच्याकडे बघायच्या.

"आम्ही तुला पालक म्हणून नाही पाठवलं रे. प्रतिनिधी म्हणून पाठवलंय."

"आणि तुमचं चुकत असलं तरी, बाई?"

"ते तू ठरवणार? उद्या दुसरा कोणी शहाणा येईल, तोही हेच म्हणेल. त्याला आम्ही आवरायचं कसं? आणि एक सांग. तुझी बहीण धडधाकट असती, तर तुझ्या विवेकाला जाग आली असती का?"

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. आणि खरं असूनही पार्किंग चूकच होतं. चष्मेवाले इतके भडकले की सभा मोडताना त्यांनी एका म्हाताऱ्याच्या नाकावरचा त्याचा स्वतःचाच चष्मा काढून कपाटात ठेवला.

घरी ताई पाय लांब करून पडली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्यासाठी भांडू नकोस."

"तुझ्यासाठी नाही. जे बरोबर आहे त्यासाठी."

"मग माझ्यावर कशाला ओरडतोस? तिथे जाऊन ओरड की. नुसते हात मोजायचे असतील तर परिषदेचा सचिव आहेच, पगार घेऊन मोजतो. तू कशाला हवास?"

त्या सभागृहात मतदानाची जुनी पद्धत होती. ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी बाक वाजवायचा, विरोधकांनी गप्प उभं राहायचं. चष्मेवाले भाषण पाठ करून गेले होते. सभापतींनी एका दमात ठराव वाचला आणि वर पुस्ती जोडली, "सन्माननीय सदस्यांच्या वॉर्डाचीच ही इच्छा. तेव्हा त्यांचा विरोध असणं शक्यच नाही."

चष्मेवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. पाठ केलेलं सगळं विसरलं. "मुळीच नाही!" असं ओरडत त्यांनी मूठ दाणकन बाकावर हाणली. एकदा, मग पुन्हा. तोपर्यंत सगळे बाक वाजू लागले होते.

"ठराव एकमताने मंजूर."

"अहो, मी विरोधात हाणली!"

"बाक वाजवणं म्हणजे पाठिंबा," सभापती म्हणाले. "आणि पहिला तुम्हीच वाजवलात."

"रागानं वाजवला!"

"राग नोंदवण्याची सोय नाही. पुढचा विषय."

दुकानापाशी वॉर्ड वाटच पाहत होता. पैलवानानं त्यांना मिठी मारली. बाई म्हणाल्या, "पाळलास शेवटी शब्द!"

"मी विरोधात होतो! तुम्ही सगळे स्वार्थी आहात, आणि मी तुमच्या विरोधात होतो!"

"मनात रे," बाई प्रेमानं म्हणाल्या. "मनात काहीही असू दे. मत आमचंच पडलं ना?"

चष्मेवाल्यांनी शटर ओढलं ते अशा जोरानं की पैलवानसुद्धा दोन पावलं मागे सरकला.

ताईनं त्यांच्या सुजलेल्या मुठीवर बर्फ धरला.

"दुखतंय?"

"हो."

"मोठ्यानं म्हणालास ना, नाही म्हणून?"

"कोणाला ऐकू गेलं नाही."

ताईनं बर्फ दुसऱ्या बाजूला फिरवला आणि डायलिसिसच्या पुढच्या खेपेला बरोबर येशील का, म्हणून विचारलं.

भूखंडावर सध्या नगरपरिषदेच्या बंद पडलेल्या कचरागाड्या उभ्या असतात.