बोंबलाची जोडी

आभाळात म्हने आता पाय ठेवायला जागा उरली नाय. मग ज्याला त्याला पाठवायचं कुटं? आमच्या चिंचणीला! तारापूरला वीजघराचं काम निघालं तवा घाटावरची मानसं आली, ती आमी सोसली. पन ही तानी आनि हा गोमा? देवा रे!

नावं मीच ठेवलेली. दोघं दोन वेगळ्या ग्रहांवरची. तानी वेळूसारखी लांब, झोपते ती माझ्या बोंबील वाळवायच्या दोरीवर लोंबकळून. तिच्या जातीत दोघं हातात हात अडकवून दोरीच्या दोन अंगांना लोंबतात, तवा कुटं डोळा लागतो. हिचा जोडीदार येता येता वाटेतच मेला. एकटी लोंबली की घसरते, आनि पडते ती नेमकी माझ्या बोंबलांवर! ती आली त्या अमावास्येपास्नं तिला झोप नव्हती. अंगाचा हिरवा रंग उडाला, बोलनं बंद झालं. झोप नाय मिळाली तर आमचा जीव जातो, हे तिनं आल्या दिवशीच सांगितलं होतं.

गोमा माठासारखा गोल. डोळा लागला की घरंगळत भरतीच्या पान्यात जातो, नि माझ्या घरवाल्याला, रामाला, होडी काढून त्याला परत आनावा लागतो. वर आभाळात या दोन जातींचं हाडवैर, जागेवरनंच.

त्या दुपारी तानी पुन्हा पडली. माझा एवढा माल वाळूत! मी झाडू घेऊनच धावले, "ऊठ गो भवाने!" उठली नाय. हात लावला तर गार. माझा राग कुटल्या कुटं पळाला.

वर बघितलं तर दोरीवर उरलेले माझे बोंबील वाळत होते. बोंबील काय कोन एकटा टाकतं? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि जोडी दोरीवर टाकायची. एकटा टाकला की घसरलाच.

"गोमा! इकडं ये. हिचा हात धर."

"हिचा? हिच्या जातीनं आमची जागा खाल्ली."

"मेल्या, वर खाल्ली आसंल. इथं तू बसतोस ती जागा माझी, नि ही पडलीय तीबी माझीच. मी कदी काय बोलले?"

खरं तर रोजच बोलत होते. पन तो आला.

मी तानीला उचलली, तिचा हात दोरीवरनं पलीकडं टाकला नि गोमाच्या हातात अडकवला. तो वाळूत बसला, ती अलीकडं लोंबली. दोरी तानली, पन घसरलं कोनी नाय. मी नुसती बघत उभी. "खंडोबा, येवडी वाचव," म्हनत होते. मग तिच्या बोटांवर हिरवा रंग चढला, खांद्यापर्यंत आला, नि ती घोरायला लागली. घोरली गो बाय! मी मटकन खाली बसले नि पदरात तोंड घालून रडले.

भरती आली. पानी गोमाच्या अंगाला लागलं. त्याचाबी डोळा लागला होता, पन तो तसूभर हलला नाय.

"वत्सला! गोमा गेला का पान्यात?" रामा लांबूनच ओरडत आला.

माझा आवाज वाणगावापर्यंत जातो म्हनतात. मी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. झोपलीत दोघं."

गोमानं एक डोळा किलकिला केला. "वत्सला," तो पुटपुटला, "उद्याबी मीच धरू ना?"