गारीगारातली साखर

उस्मानपुऱ्यातल्या शाळेच्या दहावीच्या बॅचचा मेळावा ठरला आणि ग्रुपवर कामं वाटली गेली. कुणाकडं मांडव, कुणाकडं माइक, कुणाकडं हयात असलेले सर शोधून आणायचं काम. इंद्रजीतच्या वाट्याला गारीगार आलं.

"तुझ्याच खात्यानं बंद पाडलं," बिभीषणनं लिहिलं, "आता तूच आण. आणि चव तीच पाहिजे. नाहीतर तूही येऊ नको."

इंद्रजीत अन्न सुरक्षा अधिकारी होता. खात्यानं गारीगार बंद पाडलं, हा निव्वळ आरोप होता. खात्याचं म्हणणं एवढंच, की सॅकरिन घालायचं तर परवानगी असेल तिथं घाला, मर्यादेत घाला, आणि वेष्टणावर लिहा : यात कृत्रिम गोडवा आहे, मुलांसाठी शिफारस नाही. आता गारीगाराला वेष्टण नसतं आणि मुलांशिवाय गिऱ्हाईक नसतं. बाकी कायद्याला काही हरकत नव्हती.

नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणात एका मॅडमनी प्रत्येकाच्या जिभेवर सॅकरिनच्या पाण्याचा थेंब ठेवला होता. आधी गोड, मग मागून एक बारीकसा कडवटपणा, आणि तो लवकर जात नाही. ओळखायची खूण हीच, असं त्या सांगत होत्या. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. इंद्रजीतला मात्र शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. गारीगारवाल्या सांडूकाकांची सायकल, मागं लाकडी पेटी, पेटीवर ओलं गोणपाट. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आई पारूबाई बहीणभावांत मिळून एकच गारीगार घेऊन द्यायची. रूपा त्यातला सगळा लाल रंग ओढून घ्यायची आणि पांढरा बर्फ त्याच्या हातात ठेवायची. तरी गोडी मिरवणूक संपेपर्यंत तोंडात राहायची. ती गोडी कशाची होती हे त्या दिवशी, सरकारी खर्चानं, त्याला कळलं. त्यानंतरची सारी नोकरी ती चव बाजारातून हुडकून काढण्यात आणि हुडकली की सील करण्यात गेली. सील करायच्या वस्तूला जीभ लावायची नसते. आता निवृत्ती जवळ आली होती, आणि एकदा, फक्त एकदा, ती चव त्याला परत पाहिजे होती. मेळावा हे निमित्त होतं.

सांडूकाका सिल्लोडला सापडले. त्यांचा मुलगा कारभारी आता बर्फकांडीचा छोटा कारखाना चालवत होता. भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला, त्याला हार. शेजारच्या देवाच्या तसबिरीला हार नव्हता.

"काका, चव जुनीच पाहिजे बरं का," इंद्रजीत म्हणाला.

काकांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "साहेब, तुमी त्याच खात्यात ना?"

"व्हय."

"मंग काळजीच करू नका," काका म्हणाले. "लई चांगलं करतो."

अधिकाऱ्याला याहून जास्त स्पष्ट बोलता येत नाही. काका समजले, असं समजून इंद्रजीत परतला. मन खात होतं, पण त्यानं स्वतःपुरता कायदा लावून बघितला. विक्री नाही. लहान मूल एकही नाही. राहिली सूचना, ती त्यानं स्वतः रंगवली. पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरांत : यात कृत्रिम गोडवा आहे. साखर नाही. मुलांसाठी शिफारस नाही.

मेळाव्याला काका आले ते जुनी सायकल टेम्पोत घालून. पेटी तीच, गोणपाट नवं. इंद्रजीतनं पुठ्ठा पेटीला बांधला. काकांनी चष्मा आणला नव्हता. साहेबानं बांधलंय म्हणजे काहीतरी सरकारी असणार, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यालाच हात जोडले.

चाळीस वर्षांपूर्वी ज्या बॅचमध्ये गणितात सगळे नापास व्हायचे, त्या बॅचमध्ये आता शुगरला सगळे पास होते. जेवणात जिलेबी होती. तिच्याकडं जो तो लांबून, दुसऱ्याच्या शेतातलं पीक बघावं तसा बघत होता. तेवढ्यात कुणीतरी पुठ्ठा मोठ्यानं वाचला.

"साखर नाही?" पुंडलिकनगरचा संघपाल ओरडला. "अरे, खात्याचा माणूस लिहून देतोय, साखर नाही!"

पेटीभोवती ढकलाढकली झाली. टकलं, चष्मे, गुडघ्याचे पट्टे, सगळे रांग मोडून घुसले. एका तहसीलदारानं कोपर मारलं.

"तीच चव!" संघपालनं डोळे पुसले.

"अगदी तीच!" बिभीषण लाल जीभ काढून दाखवत होता. त्याची बायको सत्यशीला त्याच वर्गातली. एरवी त्याच्या चहातसुद्धा चमचा घालून चाखून बघणारी. तीही आज म्हणाली, "खा हो, खा. साखर नाहीच म्हणतात त्यात. घ्या आणखी एक."

इंद्रजीत सगळ्यांत शेवटी गेला. काकांनी खास त्याच्यासाठी जाडजूड कांडी काढली. त्यानं डोळे मिटले आणि जीभ लावली.

गोड. नुसतं गोड. मागून काहीच आलं नाही. तो वाट बघत राहिला. गोडी सरळ, सालस, कायदेशीर होती, आणि घोट गिळला तशी निघून गेली.

"काका," तो हळूच म्हणाला, "यात काय घातलंय?"

"साखर," काका छाती काढून म्हणाले. "नुसती साखर, कंजुषी नाय केली. तुमी खात्यातले. तुमच्या पंगतीत मी कायदा मोडीन व्हय? पोराचा परवाना हाय तिथं भिंतीवर."

इंद्रजीतनं मागं वळून बघितलं. बिभीषण तिसरी कांडी संपवत होता. अख्ख्या नोकरीत इंद्रजीतनं लोकांना साखर सांगून सॅकरिन विकणारे पकडले होते. सॅकरिन सांगून साखर खिलवणारा पहिलाच सापडला होता, आणि पुठ्ठ्यावरचं अक्षर त्याचंच होतं.

गप्प बसता आलं असतं. सगळे सुखात होते. पण बिभीषण चौथीला हात घालत होता, आणि त्याच्या खिशात इन्सुलिनचं पेन दिसत होतं. इंद्रजीतनं माइक घेतला.

"मित्रांनो, लेबल चुकलंय. ही साखर आहे. शंभर टक्के. चूक माझी आहे, काकांची नाही."

पेटीभोवतीचं चोखणं थांबलं.

"काहीतरीच!" संघपाल म्हणाला. "मग तीच चव कशी लागली?"

"नाही लागली. तुला आठवत नाही."

"मला आठवत नाही? मी रोज खायचो!"

"खात्याच्या माणसाला कुठलं गोड पचतंय," कुणीतरी मागून बोललं. "आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडचं काढायची सवय!"

सत्यशीलानं मात्र वाद घातला नाही. तिनं नवऱ्याच्या हातातली कांडी काढून घेतली, पर्समधून शुगर तपासायचं यंत्र काढलं आणि त्याचं बोट धरलं. आकडा बघून तिनं तो कुणाला सांगितला नाही. त्याच्या खिशातलं पेन काढलं, बिभीषणला शर्ट वर करायला सांगितलं, आणि जाता जाता इंद्रजीतला एवढंच म्हणाली, "बरं झालं बोललास. पण पुन्हा काही रंगवत जाऊ नको."

संध्याकाळी मांडव सुटायला लागला. काका पेटी पुसत होते. चेहरा उतरलेला.

"साहेब, चुकलं का माझं?"

"नाही काका. तुमचं एकदम बरोबर होतं. मीच चुकीचं मागितलं." मग त्याला राहवलं नाही. "मला ती जुनी पाहिजे होती. जिच्या मागून कडू लागायचं ती."

काकांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. "मंग आधी नाय का सांगायचं, लेकरा?" दिवसभराचं 'साहेब' तेवढ्यापुरतं गळालं. त्यांनी बंडीच्या खिशातून एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. "मलाबी शुगर हाय. च्यात टाकतो."

इंद्रजीतनं सवयीनं डबी उलटी करून वाचली. सॅकरिनच्या गोळ्या. परवाना क्रमांक होता, मुदत होती, आणि खाली बारीक अक्षरात तेच वाक्य, मुलांसाठी शिफारस नाही. लेबलात खोट नव्हती.

काकांनी पेटीच्या तळाचा बर्फ स्टीलच्या पेल्यात कुटला, गोळी चुरगाळून त्यात टाकली, बोटानंच ढवळलं आणि पेला पुढं केला. रंग नव्हता. रूपा आधीच ओढून गेल्यासारखा पांढरा बर्फ.

त्यानं घोट घेतला. आधी गोड आलं. तो थांबला. मग मागून ते आलं.

"लागलं?" काकांनी विचारलं.

इंद्रजीतनं मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर जाईल, म्हणून तो गप्प बसून राहिला.