ताजबीचा जबाब

‘सामान्य नागरिक समाजमाध्यमांवर काय बोलतात यावर कोणतीही पाळत ठेवली जात नाही, केवळ सार्वजनिक मजकुराचे अवलोकन केले जाते.’ माहितीच्या अधिकारात कोणीतरी केलेल्या अर्जाला एका कार्यालयाने दिलेले हे उत्तर मोठे सुबक आहे. उणीव एकच. ज्या आठवड्यात ते टपालात पडले, त्याच आठवड्यात कामरगावच्या ताजबी मणियारीणीच्या हाती एक नोटीस पडली, आणि दोन्ही कागद एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते.

ताजबी गावोगाव फिरून बायांना बांगड्या भरते. तिच्या फोनवर गिऱ्हाइकांचा एक ग्रुप आहे. त्यात एकसष्ट बाया आहेत आणि पुरुष एकही नाही. नवरा फय्याज यालाही तिने कधी आत घेतले नाही. नव्या मालाचे फोटो टाकण्यासाठी तो ग्रुप काढला होता. पण मनगट मणियारीणीच्या हातात दिले की बाईचे तोंड आपोआप उघडते. तसेच तिथेही झाले, आणि फोटोंच्या मागोमाग गावे बोलू लागली.

नोटिशीत अफवा पसरवल्याचा आरोप होता, आणि पुरावा म्हणून त्या ग्रुपमधला एक मजकूर जसाच्या तसा छापला होता: ‘उपकेंद्राला अकरा दिवस कुलूप आहे. काल रूपलाचं बाळंतपण रस्त्यात जीपमध्ये झालं. रजिस्टरमध्ये मात्र दवाखाना रोज उघडतो.’ शेजारी तारीख होती आणि वेळ होती, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटे. पाळत आणि अवलोकन यांतला भेद विद्वानांनी खुशाल उकलत बसावे. एकसष्ट बायांच्या बंद दाराआडचे वाक्य ज्याला मिनिटासकट पाठ आहे, तो दाराबाहेर उभा नव्हता, एवढे कळायला शब्दकोश लागत नाही.

मात्र एवढे सगळे पाहणाऱ्या त्या नजरेला एक गोष्ट दिसली नव्हती. मजकूर गेला होता ताजबीच्या फोनवरून, आणि ताजबीला लिहिता येत नव्हते.

त्या दुपारी तिच्यापुढे बसली होती योगिनी, त्याच उपकेंद्राच्या गावची आशाताई. आदल्या दिवशी ताजबी बांगड्यांची पेटी घेऊन रूपलाच्याच जीपमध्ये होती. जे घडले ते तिच्या मांडीवर घडले. ती सांगत गेली आणि योगिनी लिहीत गेली. एरवी ताजबी आवाजच भरून पाठवी. पण तो आवाज घरात सर्वांसमोर मोठ्याने वाजतो आणि बाळंतपणाचे बोलणे चावडीवर जाते, म्हणून तिनेच लिहायला सांगितले होते. पण नोटीस मिळाल्याच्या पोचपावतीवर तिचा अंगठा उठला, आणि आता प्रश्न निघणारच होता, लिहिणारा हात कोणाचा? त्या हाताचे नाव कळले असते, तर दुसऱ्या दिवशी योगिनी कामावरून कमी झाली असती.

नोटिशीची बातमी लागताच योगिनी धावत आली.

“चाची, मी जाऊन सांगते का मीच लिवलं.”

“काहून?”

“तुमाले आत टाकतीन ना.”

“टाकू दे. तिथं बी बाया असतीन. भरून येईन दोन-चार डझन.”

“मस्करी नका करू, चाची.”

ताजबीने पेटीची कडी लावली. “मले सांग, भरता भरता बांगडी फुटली त म्या तुह्याकडून कधी पैसे घेतले काय?”

“नाई.”

“मंग हे बी माह्याच हातात फुटलं समज. जाय, घरी जाय.”

मणियारांचा हा कायदा कोणत्याही राजपत्रात नाही. मनगटावर चढण्याआधी तडकलेली बांगडी भरणारीची. तिचा भार गिऱ्हाइकाच्या माथी मारणारीला पुढच्या खेपेस कोणी उंबऱ्यावर बसू देत नाही.

नोटिशीतल्या तारखेला ताजबी कार्यालयात गेली. तिथे साहेब होते आणि जबाब लिहायला जमादार हेमसिंग होता. साहेबांनी सौम्य सूर लावला.

“बाई, तुम्हाला लिहिता येत नाही. मग हे लिहिलं कोणी? नाव सांगा आणि घरी जा.”

“पैले तुमी सांगा साहेब, हे तुमाले कोनं देल्लं?”

उत्तर हेमसिंगच्या तोंडून निसटले, “ते वरून येते, चाची. आमाले बी नाव मालूम नाई.”

“तुमाले सांगनाऱ्याचं नाव तुमाले मालूम नाई, अन् माह्यं लिवनाऱ्याचं नाव मले इचारता.”

हेमसिंगने मान खाली घालून हसू गिळले. तासभर साहेबांनी समजावले, धमकावले, चहासुद्धा पाजला. ज्या बाईच्या पोटात पन्नास गावांच्या गोष्टी आहेत तिच्या पोटातून एक नाव काढणे सोपे, असा त्यांचा समज होता. या गोष्टी आजवर कधी बाहेर आल्या नाहीत म्हणूनच त्या तिच्या पोटात आहेत, हे त्यांच्या लक्षात आले नाही. अखेर नावाचा नाद सोडून त्यांनी निदान कबुली पदरात पाडून घ्यायचे ठरवले. संध्याकाळी पाचपर्यंत कागद वर जायचा होता. त्यांनी सांगितले आणि हेमसिंगने लिहिले: ‘मी अशिक्षित असून सदर मजकूर माझ्याकडून अनवधानाने प्रसारित झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ शाईचा डबा पुढे आला.

ताजबीने अंगठा मुठीत धरला. “वाचून दाखव, हेमसिंगभाऊ.”

त्याने वाचले.

“अनवधानानं म्हंजे काय?”

“म्हंजे ध्यान नसतानी.”

“माह्यं ध्यान होतं. आन दिलगीर म्हंजे?”

“म्हंजे तुमाले वाईट वाटून राह्यलं.”

“वाईट वाटते, पन ज्याचं तुमाले वाटाले पाह्यजे त्याचं. फाड ते. मी बोलते तसं लिव, नाई त अंगठा भेटत नाई.”

पावणेपाच झाले होते. साहेबांना कबुली हवी होती. ती कोणत्या शब्दांत यावी हे आता त्यांच्या हाती उरले नव्हते. त्यांनी मानेनेच खूण केली. हेमसिंगने कोरा कागद ओढला, आणि वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एकही शब्द न बदलता लिहीत गेला. ताजबीने तो कागद त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला, मग नवरीच्या हातात शेवटची बांगडी सारावी तशा सावकाशीने त्यावर अंगठा ठेवला. योगिनीचे नाव त्यात नाही. उपकेंद्राचे कुलूप आहे, आणि आता ते सरकारच्याच दप्तरी आहे. आरोपीचा कबुलीजबाब असा:

“हे बोलनं माह्यं आहे. म्या सोचून-समजून सांगतलं. लिवनारं बोट कोनाचं होतं ते म्या सांगतलं नाई आन सांगनार बी नाई. दवाखान्याचं कुलूप म्या सोता हालवून पाह्यलं. रूपलाची पोरगी जीपमंदी माह्या मांडीवर झाली, आन दोघीबी जित्या आहेत. तुमी आमचं वाचता हे आमाले आता मालूम झालं. वाचाले बसलेच आहा त पुरं वाचा. उद्या कुलूप दिसलं त उद्या बी सांगीन.”