देवीचे डोळे आणि सरांचं पोट

सेनगावहून येणाऱ्या जीपगाड्या त्या आठवड्यात टपावरही माणसं वाहत होत्या. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेजनाथबाबा उतरले होते आणि त्यांच्या देवीचे डोळे म्हणे धुनीच्या तेजानं आपोआप पेटत होते. शेडच्या फटी गोधड्यांनी बुजवलेल्या. चेला भाता मारी, निखारे लालभडक होत आणि समोरच्या मूर्तीच्या डोळ्यांत तांबडा उजेड चमके.

"वायर न्हाई, बॅटरी न्हाई!" बाबा गर्जत. "बिल तुमी भरता. मायला मीटरच न्हाई!"

"बॅटरी काढून दाखवतो," असं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विजयकुमार सरांनी चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं होतं. पण येण्याचं खरं कारण शेजारी बसलं होतं: बायको मनकर्णा आणि लेक प्रतिक्षा. पोरीला फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या, पण गोळ्या किती वर्षं द्यायच्या, या काळजीनं सरांचं मनही कच्चं झालं होतं. डोळे पेटले की गोळ्या धुनीत टाकायच्या, असा बाबांचा हुकूम होता.

सरांनी मूर्ती हलवली, चौथऱ्याखाली हात घातला. काहीच सापडलं नाही. देवीच्या छातीवर निळसर काचेचं कवच होतं. ते दागिना समजून त्यांनी सोडून दिलं. उजेडाची वीज करणाऱ्या सौर घटाची शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. तो उन्हातच चालतो, असं त्यांनीच दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं.

"बस समोर, पंडिता!" बाबा म्हणाले.

सर धुनी आणि मूर्तीच्या मधे बसले. देवीचे डोळे विझले.

"नास्तिकाला पाहून मायनं डोळे मिटले!"

आणि आमच्या विज्ञाननिष्ठ सरांनी काय करावं? सपशेल लोटांगण घातलं! डोळे पुन्हा पेटले. जयजयकार झाला. सरांना रडू कोसळलं.

"माफ केलं! टाक गोळ्या!"

सरांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ते टाकायला उठले. डोळे गेले. घाबरून परत आडवे झाले. डोळे आले. पुन्हा उठले, पुन्हा अंधार. मनकर्णाला हसू आवरेना.

"अहो, माय कोपली न्हाई. तुमचं पोट आगीच्या आडवं येऊन राहिलं!"

सर ओशाळले. त्यांनी आरतीचं ताट कवचासमोर धरलं. डोळे विझले. ताट काढलं, पेटले. मनकर्णानं सरळ कवचाची दोरी सोडली. मागून दोन बारीक तारा डोळ्यांतल्या इवल्याशा दिव्यांकडे गेल्या होत्या.

"मायला जरा ऊन दाखवून आणतो," म्हणत बाबा उठले. लोकांनी दार अडवलं.

"हाच सौर घट," सर म्हणाले. "ह्याची सोयरीक एकट्या उन्हाशी न्हाई. तापलेल्या निखाऱ्यांतून उजेड निघतो, अन् डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरणही. त्यातल्या काहींची हा वीज करतो. वीज जराशीच, म्हणून तर गोधड्या लावून हा अंधार केलाय."

"पण सर, तुमी बराबर वळखलं!" म्हातारे तातेराव म्हणाले.

"कुठलं वळखतो? मी पालथा पडलो होतो, सगळ्यांनी पाहिलं. काळजीत पडलेला माणूस शिकलेला असला तरी कुणापुढंही आडवा होतो. म्हणून सांगतो, पाया पडायच्या आधी मधे ताट धरून पाहा. अन् औषध बंद करायचं तर डॉक्टरला विचारा."

मनकर्णानं त्यांच्या मुठीतलं गोळ्यांचं पाकीट घेतलं. मूठ सोडवायला तिला जोर लावावा लागला. दुपारची गोळी राहून गेली होती. ती तिनं तिथंच पोरीला दिली.