सुकटीत हिंग

"चंद्या, हा वास तुझ्याच घरातून येतो," नंदू म्हणाला. "मालवणी माणूस नोकरी सुटून घरी बसला की दुसरं काय होणार?"

गेटजवळच्या बाकड्यावर आम्ही तिघं होतो. मी, तिसऱ्या मजल्यावरचा धवल, आणि हा नंदकुमार. आमचा सेक्रेटरी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. डिसेंबर लागला होता, मुलुंडला पडते तेवढी थंडी पडली होती आणि गेले काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सी विंगच्या जिन्यात सुकट भाजल्याचा वास घुमत होता. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी. एकदा तव्यावर पडली की चोर लपेल, ती नाही लपत.

"सकाळी आमच्या गॅसवर फक्त चहा असतो," मी म्हणालो. "आणि शेठ, ह्या वासात हिंग आहे."

"मग?"

"अरे येड्या, सुकटीत हिंग कोण घालतं? लसूण घालतात, कोकम घालतात. हिंग घालणारा आयुष्यात पहिल्यांदा सुकट करतोय. आपल्यातलं कुणीतरी लपून खातंय."

आम्ही दोघांनी धवलकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? आमच्याकडे हिंग आहे, सुकट नाय," धवल घाबरून म्हणाला.

झालं, पैज लागली. एकतीस तारखेच्या आत मी ते घर पुराव्यासकट शोधायचं. नाही सापडलं, तर वास माझ्याच घरातला हे कबूल करून डोक्यावर पाटी घ्यायची आणि सगळ्या विंगांखाली ओरडत सुकट विकायची. सापडलं, तर नंदूनं त्याच्या बायकोसमोर बसून वाटीभर सुकट खायची. नंदूनं मासे सोडलेत असं त्याच्या बायकोला वाटतं. भांडुपच्या एका खाणावळीला तसं वाटत नाही.

खरं सांगू, मला ह्या पैजेची गरजच होती. हे वर्षच बेकार गेलं. जूनमध्ये वागळे इस्टेटची आमची कंपनी बंद पडली आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कोण घेतो? नंदूचा पोरगा बापाशी भांडून वाकोल्याला भाड्यानं राहायला गेला. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नीलावहिनी. मार्चमध्ये त्यांना कॅन्सर निघाला. केस गेले, तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी खिळे चघळल्यासारखं लागतं म्हणायच्या. विंगेतल्या बायकांनी सूप, पेज, खीर, काय काय पाठवलं, सगळं जसंच्या तसं परत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही. त्यांचे मिस्टर श्यामकांतराव बँकेतून रिटायर झालेले, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारे. जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. आपण काय विचारायचं, आणि त्यांनी काय सांगायचं.

तर मी शोधाला लागलो.

पहिला धवल. जास्त घाबरला तिथेच मला शंका आली. अकरा वाजता साखर मागायला त्याची बेल दाबली. त्याच्या बायकोनं, दीप्तीनं, दार बोटभर उघडलं. "चंदूभाई, नंतर या."

"काय शिजतंय?"

"काय नाय शिजत!"

मी दारात पाय घातला. आत दीप्तीच्या डोक्याला मेंदी थापलेली, वर प्लास्टिकची पिशवी. दुपारी तिनं माझ्या बायकोकडे तक्रार केली ती वेगळीच.

मग चौथ्या मजल्यावरचा देवव्रत, एकटा राहणारा, जिमवाला. त्यानं मला आत नेऊन फ्रिज उघडून दाखवला. "अंकल, उकडलेलं चिकन. मीठसुद्धा नाही घालत." बिचाऱ्याचं ताट बघून मलाच रडू आलं.

आणि मग एक दिवस माझ्याच घरातली बरणी दिसली. मे महिन्यात गावाहून आणलेली सुकट, मृगात भरून ठेवलेली. आम्ही महिनाभर हात लावला नव्हता आणि बरणी निम्मी झाली होती.

"सुगंधा, सुकट कमी झाली गं."

"तुमका दुसरा काय काम नाय?" बायको म्हणाली आणि बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. माझा हात पोचत नाही तिथे.

माझी बायको चिडली की मालवणीत बोलते. खोटं बोलायचं असलं तरी मालवणीतच बोलते. आता यातलं नेमकं काय?

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. साडेदहा वाजले की ती निघायची. "देवळात जावन येतंय." पदराखाली स्टीलचा डबा. देवळात डबा? येताना कपाळाला ना कुंकू, ना हातात प्रसाद. फोनवर हळू बोलायची, मी आलो की "ठेवते हां". एकदा तिच्या हाताला वास आला. सुकटीचा, आणि हिंगाचा.

घरी बसलेल्या माणसाचं डोकं कुठे जातं सांगू? मला वाटलं, ही कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला लागली. मी कमवत नाही म्हणून. मला वाईट वाटेल म्हणून लपवते. त्या रात्री जेवताना मी तिच्या हाताकडेच बघत होतो. विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण मी सरळ विचारीन तर मी कसला? आयुष्यभर लोकांना गंडवत आलो. गेल्या एक एप्रिलला "आज पाण्याच्या टाकीत मगर दिसली" अशी पाटी लावून नंदूला काठी घेऊन गच्चीवर पाठवलं होतं. आता बायकोला जाळ्यात पकडायचं म्हणजे काय, डाव्या हाताचा मळ.

ती आंघोळीला गेल्यावर मी स्टूल घेतलं, बरणी काढली आणि सुकटीत लवंगी मिरचीची पूड कालवली. चांगली मूठभर. तव्यावर पडली की जो ठसका उठेल, त्याच्या मागे मागे जायचं. घर सापडणार, बायको सापडणार, पैज खिशात. काय डोकं आहे यार माझं, असं मीच मला म्हणालो.

साडेदहाला सुगंधा डबा घेऊन निघाली. मी दाराआड. ती खाली गेलीच नाही, वर गेली.

थोड्या वेळानं उठला ठसका. असा उठला की धवलचं दार उघडलं, देवव्रतचं उघडलं, खालचा वॉचमन शिंकायला लागला. मी नाकाला रुमाल लावून वर धावलो. दुसऱ्या मजल्यावर एक दार धाडकन उघडलं आणि बाहेर आले श्यामकांतराव. अंगात बनियन, बनियनमधून डोकावणारं जानवं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हातात कलथा. कलथ्याला सुकट चिकटलेली.

"चंदू..." एवढंच म्हणाले आणि खोकायला लागले.

आत बघितलं. खिडकीशी खुर्चीत नीलावहिनी, डोक्याला स्कार्फ. सुगंधा त्यांची पाठ चोळत होती. मांडीवर मऊ भाताची थाळी, भाताला बोटही लावलेलं नव्हतं. सुगंधानं माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. तीस वर्षांचा संसार, तिला काय सांगायला लागतं?

"अख्ख्या वर्षात ह्या बाईच्या जिभेला एक गोष्ट लागली," ती म्हणाली. मालवणीत नाही. "मागे आपल्याकडे सुकट भाजली, त्याचा जिन्यात वास आला आणि म्हणाल्या, सुगंधा, आज नाकाला काहीतरी कळलं बघ. वाटीभर भात खाल्ला त्या दिवशी. हे स्वतः भाजतात. हिंग घालतात, पोटाला बरा म्हणून."

श्यामकांतराव कलथ्याकडे बघत उभे होते. त्यांनी स्वतः त्यातला कणही कधी तोंडात घातला नसणार. वास सहन करायला नाकात कापूस घातलेला होता, तो आता मला दिसला.

नीलावहिनींचा खोकला थांबला. "भावजी, तुम्हाला कळलं म्हणजे सोसायटीला कळलं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या ओट्यावर अंडंसुद्धा आलं नव्हतं हो कधी. लोक उद्या ह्यांना काय म्हणतील? ही थाळी घेऊन जा सुगंधा. मला नको आता."

"नीला," श्यामकांतराव म्हणाले.

"नको म्हटलं ना."

आणि जिन्यात नंदूचा आवाज. "कोण मेलं रे ठसक्यानं? चंद्या! सापडलं की काय घर?"

पुराव्यासकट सापडलं होतं. मी श्यामकांतरावांच्या हातातला कलथा ओढून घेतला, त्यांचं दार बाहेरून लावलं आणि चार पायऱ्या उतरून नंदूच्या समोर उभा राहिलो.

"हरलो," मी म्हणालो. "आमच्याच घरातलं. सुगंधा गुपचूप करते."

"मग तू कलथा घेऊन वर काय करतोयस?"

"ती मागे लागली होती. वर पळालो."

नंदूनं माझ्या खांद्यावरून वरच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आणि हिंग?"

"डॉक्टरनं सांगितलाय. गॅसेस."

"चंद्या, तू हरणाऱ्यातला नाहीस. काहीतरी शिजतंय."

"सुकट," मी म्हणालो.

तो गेला, पण वळून वळून बघत गेला.

घरी सुगंधा माझ्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी सुकट आणली मी, निवडून, स्वच्छ करून तिच्यासमोर ठेवली. ती डबा घेऊन वर गेली आणि डबा तसाच घेऊन खाली आली. तिसऱ्या दिवशीही तेच. "दोन घास जात होते, ते पण तुमच्यामुळे गेले," एवढंच बोलली. सकाळी अकराला जिन्यात कसलाच वास येईना. नंदू मात्र अकरा वाजता जिन्यात येऊन नाक वर करून उभा. म्हणे, ट्यूबलाइट बघतोय.

एकतीस तारीख आली. संध्याकाळी सोसायटीतले सगळे खाली जमले होते. वर्ष संपतंय म्हणून पावभाजी होती, पण लोक खरे आले होते माझ्यासाठी. नंदूनं सगळ्या ग्रुपवर टाकलं होतं. बाजारातून खरी पाटी आणली होती, खरी सुकट भरली होती, आणि वर माझ्या कानाला गजरा अडकवला.

"ओरड," तो म्हणाला. "आणि आधी कबूल कर."

मी पाटी डोक्यावर घेतली. "ऐका हो! गेला महिनाभर जिन्यात जो वास येत होता, तो माझ्या घरातला! सुकट घ्या, सुकऽऽट! वाळवलेली, निवडलेली, नवऱ्यासारखी खारट!"

काय हसले लोक! शिट्ट्या काय, मोबाइल काय. ए विंग झाली, बी झाली. मी गिरक्या घेत होतो, पण डोळा सी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खिडकी बंद. नंदूही तिकडेच बघत होता.

सी विंगच्या दाराशी पोचलो आणि गलका एकदम कमी झाला. कठडा धरून, एकेक पायरी, नीलावहिनी खाली येत होत्या. मार्चनंतर हॉस्पिटल सोडून त्या पहिल्यांदाच खाली उतरत होत्या. मागे श्यामकांतराव, हात पुढे धरून, न लावता.

"खाली घ्या पाटी," त्या म्हणाल्या.

मी गुडघ्यावर बसलो. त्यांनी चिमूटभर सुकट उचलली, तळहातावर चोळली, नाकाशी नेली. "ओलसर आहे हो. कशी दिली?"

"वहिनी, तुमच्यासाठी..."

"फुकटातलं नको. भाव सांगा."

मी सांगितला. त्यांनी निम्म्यावर पाडला. मी कपाळावर हात मारला, कोळीण मारते तसा. "काय बाय, मरू की काय!" त्या ऐकेनात. पब्लिक पेटलं, कुणी त्यांच्या बाजूनं, कुणी माझ्या.

नंदू पुढे आला. "वहिनी, तुम्हाला काय करायचीय सुकट?"

श्यामकांतरावांचा चेहरा उतरला. सुगंधानं पावभाजीची बशी खाली ठेवली.

"मांजरीला," नीलावहिनी म्हणाल्या.

"तुमच्याकडे मांजर कुठेय?"

"नवीन वर्षात आणणार आहे," त्या म्हणाल्या. "बघायला येशील तेव्हा बेल दाबून ये हो, नंदू. जिन्यात उभा राहू नकोस."

श्यामकांतरावांनी पाकीट काढलं. नीलावहिनींनी पदर पसरला. "मापानं नको भावजी, ओंजळीनं घाला. मांजर अशक्त आहे."

मी ओंजळ भरून घातली. दुसरी घातली. सुगंधा माझ्या बाजूला येऊन बसली आणि तिसरी तिनं घातली.

"चला उठा," ती मला म्हणाली, पाटीला हात देत. "डी विंग ऱ्हवली."